पांढऱ्या डागांमागील व्याधी आणि आपले कर्तव्य

बालरोगांच्या क्षेत्रात काही व्याधी असे आहेत की, ज्यांचे पहिले लक्षण त्वचेवर उमटते, दुसरे मेंदूत प्रकट होते आणि तिसरे वृक्कांत वर्षानुवर्षे गुप्त राहते. ही लक्षणे वेगवेगळ्या वयांत, वेगवेगळ्या चिकित्सकांसमोर येतात आणि त्यांचा परस्परसंबंध कोणाच्याच ध्यानी येत नाही. ‘ट्यूबरस स्क्लेरोसिस कॉम्प्लेक्स’ हा अशा व्याधींपैकी एक होय. सुमारे ६,००० जन्मांमागे एका बालकात तो आढळतो. हे प्रमाण अल्प वाटले, तरी महाराष्ट्राची लोकसंख्या लक्षात घेता अशी बालके राज्याच्या प्रत्येक जिल्ह्यात असणार, हे उघड आहे.

आयुर्वेद व्यावसायिकांच्या त्रैमासिकात या विषयाचा ऊहापोह कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. खेड्यापाड्यांत व तालुक्याच्या गावी आजारी बालकास प्रथम पाहणारा चिकित्सक पुष्कळदा आयुर्वेदाचा पदवीधर असतो. अंगावरील पांढरा डाग दाखविण्यासाठी माता प्रथम त्वचारोगतज्ज्ञाकडे जात नाही, ती गावातील वैद्याकडे येते. बाळ ‘दचकते’ म्हणून घुटी विचारावयासही ती त्याच्याकडेच येते. अशा वेळी त्याने काय पाहिले, काय सांगितले आणि काय दिले, यावर त्या बालकाचे पुढील आयुष्य बऱ्याच अंशी अवलंबून राहते.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. हा व्याधी संशयाने ओळखणे, बालकास विनाविलंब योग्य ठिकाणी पाठविणे, त्याचे चालू असलेले आकडीविरोधी औषध बंद न करणे व आपल्या औषधाने त्याचे कार्य न बिघडविणे, आणि त्यानंतर दीर्घकाळ त्या कुटुंबाच्या पाठीशी राहणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. हा व्याधी समूळ बरा करण्याचे आश्वासन देणे मात्र वैद्याचे कर्तव्य नाही आणि तसा अधिकारही कोणास नाही.

व्याधीचे स्वरूप

फ्रेंच चिकित्सक बूर्नव्हील यांनी १८८० साली या व्याधीतील मेंदूच्या विकृतीचे वर्णन केले. मेंदूच्या पृष्ठभागावर जागोजागी कंदासारखे कठीण भाग त्यांना आढळले, त्यावरून ‘ट्यूबर’ म्हणजे कंद हा शब्द नावात आला. या शब्दाचा क्षयरोगाशी काडीचाही संबंध नाही. हे येथे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, नावातील सारखेपणामुळे पालकांचा असा गैरसमज सहज होऊ शकतो. शिवाय आकडी येणाऱ्या मुलाच्या मेंदूच्या छायाचित्रात चुन्याचे ठिपके दिसले की, आपल्याकडे क्षयजन्य गाठ अथवा पट्टकृमीची पुटी यांचाच विचार प्रथम होतो, कारण ते विकार आपल्या देशात अधिक आढळतात. त्वचेची काळजीपूर्वक तपासणी केल्यास हा घोटाळा टाळता येतो.

या व्याधीस कारणीभूत होणारी दोन जनुके आता ज्ञात आहेत. नवव्या गुणसूत्रावरील पहिल्या जनुकाचा शोध १९९७ मध्ये, तर सोळाव्या गुणसूत्रावरील दुसऱ्या जनुकाचा शोध १९९३ मध्ये लागला. या जनुकांपासून तयार होणारी हॅमार्टिन व ट्यूबेरिन ही दोन प्रथिने एकत्र येऊन पेशींच्या वाढीस लगाम घालतात. त्यांपैकी एकात दोष निर्माण झाला की, ‘एमटॉर’ नावाची वाढीस चालना देणारी यंत्रणा अनिर्बंध होते आणि मेंदू, त्वचा, हृदय, वृक्क, नेत्र व फुफ्फुस यांत ग्रंथी उत्पन्न होतात. या ग्रंथी सामान्यतः कर्करोगाच्या नसतात, तथापि ज्या जागी त्या वाढतात, तेथील कार्यात त्या अडथळा आणतात.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीज व बीजभाग यांच्या विकृतीतून त्या त्या अवयवाची विकृती होते, असा विचार मांडलेला आहे. हा विचार आपल्याला या व्याधीकडे पाहण्याची योग्य दिशा देतो. याचा अर्थ ही जनुके प्राचीन आचार्यांना ज्ञात होती, असा मात्र कोणी करू नये. त्यामुळे ना ग्रंथाचा गौरव वाढतो, ना रुग्णाचे हित साधते. बीजदोषाच्या कल्पनेतून व्यवहारात उपयोगी पडणारा निष्कर्ष असा की, हा दोष शरीरात जन्मभर राहणार आहे. म्हणून एकदा आकडी थांबली की व्याधी संपला, असे समजता येत नाही.

दोन तृतीयांश बालकांत हा जनुकदोष नव्याने उद्भवलेला असतो, आईवडिलांत तो नसतो. उरलेल्यांत तो आईकडून वा वडिलांकडून येतो. बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून बालकाचे निदान झाल्यावर आईवडिलांची त्वचा, नेत्र व वृक्क यांचीही तपासणी व्हावयास हवी, कारण स्वतःस सौम्य स्वरूपात हा व्याधी आहे हे त्यांना पुष्कळदा माहीतच नसते. दोघेही निर्दोष आढळले, तरी पुढील अपत्याबाबतचा धोका अत्यल्प असतो, शून्य नसतो. यासाठी जनुकीय समुपदेशनाचा सल्ला द्यावा. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, अमुक खाल्ले, तमुक पाहिले, असा दोष घरातील मंडळी मातेस देतात. त्यास काहीही आधार नाही, हे वैद्याने सासूसासऱ्यांच्या समक्ष स्पष्ट शब्दांत सांगावे. त्या मातेच्या दृष्टीने हीदेखील चिकित्साच होय.

त्वचा प्रथम बोलते

या व्याधीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत त्वचेवर फिकट पांढरे डाग असतात. ते जन्मतः किंवा पहिल्या काही महिन्यांत दिसू लागतात. आकार बहुधा पानासारखा, एका टोकास गोलसर व दुसऱ्या टोकास निमुळता असतो. ५ मिलिमीटर वा त्याहून मोठे असे तीन किंवा अधिक डाग असणे हे निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे मानले जाते. गोऱ्या बालकात ते सहज दिसत नाहीत, तेथे अंधाऱ्या खोलीत अतिनील किरणांच्या वूड्स दिव्याखाली पाहावे लागतात. एखाद-दुसरा असा डाग निरोगी बालकातही असू शकतो, म्हणून उगाच भय घालू नये.

असा डाग दिसताच ‘जंत झाले’, ‘कॅल्शियम कमी आहे’ किंवा ‘कोड आहे’ असे सांगण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. श्वित्रातील डाग खडूसारखा पांढराशुभ्र असतो, कालांतराने वाढतो व जन्मतः क्वचितच असतो. चेहऱ्यावरील साधे फिकट चट्टे अस्पष्ट कडांचे व किंचित खवलेयुक्त असतात. प्रस्तुत व्याधीतील डाग फिकट, स्पष्ट कडांचे व स्थिर असतात. हा भेद न करता बाकुचीचा लेप सुरू केल्यास कोवळी त्वचा भाजण्याचा धोका आहेच, पण खरा तोटा गेलेल्या महिन्यांचा असतो.

पुढे साधारणपणे दोन ते पाच वर्षांच्या सुमारास नाकाच्या दोन्ही बाजूंस व गालांवर तांबूस, कठीण, बारीक पुटकुळ्या येऊ लागतात. तारुण्यात त्या वाढतात व मुखदूषिका समजून त्यांवर लेप लावले जातात. पाच वर्षांच्या मुलास तारुण्यपिटिका होत नाहीत, एवढा साधा विचार येथे पुरेसा आहे. कमरेच्या भागी संत्र्याच्या सालीसारखी जाड त्वचा, कपाळावर उंचवटा, नखांच्या कडेस मांसल अंकुर, दातांच्या पृष्ठावर बारीक खळगे ही आणखी काही चिन्हे होत. यांतील एकही चिन्ह पाहण्यास मोठे उपकरण लागत नाही. बालकाचे सर्व कपडे उतरवून उजेडात पाहणे, एवढेच लागते.

पहिले वर्ष

सुमारे ८५ टक्के रुग्णांत आकडी येते आणि त्यांपैकी बहुतेकांत तिचा आरंभ पहिल्या वर्षातच होतो. तान्ह्या बाळांमध्ये येणारा एक विशिष्ट प्रकार प्रत्येक वैद्याने ओळखलाच पाहिजे. बाळ झोपेतून उठते आणि एकाएकी मान खाली झुकवते, हात पसरते वा पोटाशी घेते, पाय दुमडते. हे एक-दोन सेकंदच टिकते. काही सेकंदांनी पुन्हा तसेच होते आणि अशी मालिका काही मिनिटे चालते. मधूनमधून बाळ रडते. पूर्वी यास ‘सलाम’ झटके असेही म्हणत. पाहणाऱ्यास पोटात मुरडा आला असावा किंवा बाळ दचकले असावे, असे वाटते. मग ओव्याचा शेक, घुटी, दृष्ट काढणे हे क्रमाने सुरू होते.

दचकणे आवाजाने वा स्पर्शाने होते व एकदाच होते. पोटशूळात बाळ बराच वेळ सलग रडते. झटक्यांची मालिका मात्र विनाकारण, तालबद्ध व बहुधा जागे होण्याच्या वेळी येते. याच काळात बाळ हसेनासे झाले, नजर देईनासे झाले, धरलेली मान पुन्हा सोडू लागले, तर संशयास जागाच उरत नाही. मातेस भ्रमणध्वनीवर त्या प्रसंगाचे चित्रीकरण करण्यास सांगावे आणि त्याच दिवशी बालमेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. हे झटके जितके दिवस चालू राहतात, तितकी बुद्धीच्या विकासाची हानी वाढण्याची शक्यता असते. येथे आठ दिवस औषध देऊन पाहू, ही भूमिका सर्वथा त्याज्य आहे.

या व्याधीतील अशा झटक्यांवर व्हिगाबॅट्रिन हे प्रथम पसंतीचे औषध आहे. त्याने दृष्टीचे क्षेत्र कायमचे आक्रसण्याचा धोका असतो, म्हणून नेत्रतपासणी आवश्यक असते. हा धोका ऐकून पालक घाबरतात व औषध सोडण्याचा विचार करतात. तेव्हा ते वैद्याचेच मत विचारतात. त्यांना तज्ज्ञाकडे शंका मांडण्यास सांगावे, औषध सोडण्यास नव्हे. आकडी सुरू होण्यापूर्वीच हे औषध द्यावे काय, यावर युरोप व अमेरिकेत स्वतंत्र अभ्यास झाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात आकडीचे प्रमाण व तीव्रता कमी झाल्याचे दिसले, तर २०२३ मधील अमेरिकी अभ्यासात त्या विशिष्ट झटक्यांचे प्रमाण घटले, परंतु दोन वर्षे वयाच्या बालकांच्या बौद्धिक विकासात फरक आढळला नाही. स्वतःच्या उपचाराची मर्यादा अशी आकड्यांनिशी मांडण्याची ही रीत आपणही अंगीकारावी, असे आम्हांस वाटते.

हृदयातील ग्रंथी पुष्कळदा गर्भावस्थेतील सोनोग्राफीतच दिसतात व बहुधा पुढे आपोआप लहान होतात. मेंदूतील द्रवाच्या मार्गाजवळ वाढणारी ग्रंथी मात्र काही बालकांत घातक ठरते. सकाळची डोकेदुखी, उलट्या, चालण्यातील तोल, दृष्टी वा स्वभावातील बदल ही तिची लक्षणे होत. अशा मुलाच्या उलटीस अम्लपित्त व डोकेदुखीस अर्धावभेदक मानून चिकित्सा करू नये. वृक्कांतील ग्रंथी बालपणी मूक राहतात व किशोरवयानंतर वाढतात. त्यांतून रक्तस्राव झाल्यास कुशीत तीव्र वेदना व मूत्रातून रक्त जाणे ही लक्षणे दिसतात. येथे अश्मरी समजून पाषाणभेदाचा काढा देणे जिवावर बेतू शकते. म्हणून २०१२ मध्ये ठरलेल्या व २०२१ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय निर्देशांत मेंदू व पोटाचे एमआरआय १ ते ३ वर्षांच्या अंतराने, तर रक्तदाब व वृक्कांचे कार्य दरवर्षी तपासण्यास सांगितले आहे. रक्तदाब मोजणे तर आपल्या प्रत्येकाच्या चिकित्सालयात शक्य आहे.

आपली औषधे आणि त्यांची औषधे

या लेखाचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. ‘आयुर्वेदीय औषधांचा अपाय नसतो’ हे वाक्य रुग्ण बोलतो तेव्हा ते अज्ञान असते, वैद्य बोलतो तेव्हा तो प्रमाद असतो.

१९९२ मध्ये मुंबईतील संशोधकांनी शंखपुष्पीयुक्त एका आयुर्वेदीय पाकाविषयी निरीक्षण प्रसिद्ध केले होते. फेनिटॉइन घेत असलेल्या दोन रुग्णांची नियंत्रित आकडी हा पाक सुरू केल्यावर अनियंत्रित झाली होती. पुढे उंदरांवरील प्रयोगात, हा पाक वारंवार दिल्यास रक्तातील फेनिटॉइनची पातळी घटते, असे दिसून आले. ‘स्मरणशक्तीसाठी’ म्हणून अशा बालकास सर्वप्रथम दिले जाणारे द्रव्य शंखपुष्पीच असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निरीक्षणाचे गांभीर्य कळते. याउलट पिप्पली व मरिच यांतील पायपेरीन हे द्रव्य फेनिटॉइन व कार्बामाझेपीन यांचे शोषण वाढविते. योगवाही म्हणून आपण ज्या गुणाचा गौरव करतो, तोच गुण येथे विषारी मात्रेस कारण होऊ शकतो. त्रिकटुयुक्त कल्प देण्यापूर्वी बालकास कोणते औषध चालू आहे, हे विचारलेच पाहिजे.

या व्याधीत आता एव्हरोलिमस हे एमटॉर यंत्रणेस लगाम घालणारे औषध मेंदूतील ग्रंथी, वृक्कांतील ग्रंथी व दुर्दम्य आकडी यांसाठी वापरले जाते. त्याच्या मात्रेची मर्यादा अरुंद असून रक्तातील पातळी मोजून मात्रा ठरवावी लागते. त्याचा विनियोग यकृतातील ज्या यंत्रणेमार्फत होतो, तिच्यावर अनेक वनस्पतिद्रव्यांचा परिणाम होतो. म्हणून अशा बालकास कोणताही नवा कल्प तज्ज्ञास कळविल्याविना देऊ नये. या औषधाने वारंवार मुखपाक होतो. तोंड आले म्हणून बालक आपल्याकडे येईल, तेव्हा त्याचे मूळ पित्तात शोधण्यापूर्वी औषधांच्या चिठ्ठीत शोधावे. हे औषध चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी टाळाव्या लागतात, हेही लसीकरणाचा सल्ला देताना विसरू नये.

काही बालकांना औषधांनी गुण येत नाही, तेव्हा स्निग्धप्रधान व अत्यल्प पिष्टमय असा कीटोजेनिक आहार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिला जातो. त्यात साखरेचा कण न् कण मोजलेला असतो. सारस्वतारिष्टातील गूळ-साखर, च्यवनप्राशाचा एक चमचा, मधातून दिलेले चूर्ण यांनी तो आहार मोडतो व आकडी परत येऊ शकते. शोधनचिकित्सेबाबतही असाच विवेक हवा. वमन-विरेचनाच्या दिवशी पोटात घेतलेले आकडीचे औषध अंगी लागत नाही, लंघन व जागरण यांनी झटके वाढू शकतात, आणि वृक्कांत मोठी ग्रंथी असल्यास पोट व कुशीवर जोराचे मर्दन धोक्याचे ठरते. कापूर व निलगिरी तेल यांमुळे लहान बालकांत आकडी आल्याचे ज्ञात आहे, म्हणून सर्दीत छातीला चोळण्याचे तसले मलम या मुलांना वर्ज्य समजावे. रसकल्पांविषयी तर विशेष सावधगिरी हवी. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले होते. शिसे स्वतःच आकडी उत्पन्न करते. विकृत वृक्क असलेल्या बालकास असे द्रव्य देण्याचे समर्थन कोणत्या शास्त्राने करावे?

आणखी एक कटू वस्तुस्थिती सांगणे भाग आहे. ‘आकडीवर रामबाण’ म्हणून विकल्या गेलेल्या काही चूर्णांत फेनोबार्बिटोन मिसळल्याचे वेळोवेळी उघडकीस आले आहे. असे चूर्ण घेणाऱ्यास गुण येतो खरा, पण पुडी संपताच अथवा ती एकाएकी थांबविताच झटक्यांची न थांबणारी मालिका सुरू होऊ शकते. १९५४ च्या औषधी व जादूचे उपाय कायद्याने अपस्मार व श्वित्र या दोन्हींवरील उपचाराच्या जाहिरातींना मनाई केली आहे. हा कायदा आयुर्वेदाविरुद्ध आहे, अशी तक्रार काही व्यावसायिक करतात. आमचे मत नेमके उलट आहे. हा कायदा प्रामाणिक वैद्याचे भोंदूपासून रक्षण करणारा आहे.

केवळ आकडी नव्हे

पालक आकडी मोजतात, पण त्यांना थकवून टाकणारे प्रश्न अनेकदा निराळेच असतात. साधारण निम्म्या बालकांत बौद्धिक अक्षमता आढळते, चाळीस ते पन्नास टक्क्यांत स्वमग्नता आढळते. अतिचंचलता, झोप न लागणे, स्वतःस चावणे वा डोके आपटणे, चिंता, अभ्यासातील विशिष्ट अडचणी यांपैकी काही ना काही नव्वद टक्के रुग्णांत आयुष्यात केव्हातरी दिसते. तज्ज्ञाच्या दहा मिनिटांच्या भेटीत हे विचारले जात नाही. गावातील वैद्य मात्र हे विचारू शकतो, कारण त्याच्याकडे तेच कुटुंब वर्षानुवर्षे येत असते. वर्षातून एकदा तरी झोप, वागणूक, भाषा, शाळा व घरातील ताण यांविषयी पद्धतशीर विचारणा करून ती लिहून ठेवावी.

येथे आपल्या शास्त्राचे सामर्थ्य खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. झोपण्या-उठण्याची निश्चित वेळ, मलावरोध टाळणे, गिळण्यास अडचण असणाऱ्या मुलास मानवेल असा आहार, शांत करणारा सौम्य अभ्यंग, औषध वेळेवर देण्याची शिस्त, ज्वर आल्यास त्वरित उपचार या साध्या गोष्टींनी त्या घराचा दिवस सुसह्य होतो. अपस्माराच्या रुग्णास पाणी, अग्नी, वृक्ष व उंच जागा यांपासून जपावे, असे चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. विहीर, चूल, गच्ची व शेततळे असलेल्या आपल्या गावांत हा उपदेश आजही शब्दशः लागू आहे. आकडी आली असता मुलास कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये, वेळ पाहावी आणि पाच मिनिटांहून अधिक काळ चालल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे, हे शाळेतील शिक्षकांनाही शिकवावे.

मातेकडेही पाहावे. रात्रभर जागणारी, नोकरी वा शेतीचे काम सोडलेली, नातेवाइकांच्या समारंभास मुलास नेणे टाळणारी ही स्त्री स्वतःसाठी कधीच औषध मागत नाही. तिच्या भावंडधर्मी मुलांकडे, म्हणजे रुग्णाच्या निरोगी भावंडांकडेही घरात दुर्लक्ष होते. वडिलांना बोलावून घेऊन कामाची वाटणी करून देणे, हा सल्ला कोणत्याही कल्पाहून अधिक गुणकारी ठरतो.

शासकीय सवलतींची माहितीही वैद्याकडे असावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता व बहुविध दिव्यांगता यांचा समावेश आहे. व्याधीच्या नावाने नव्हे, तर या परिणामांच्या आधारे प्रमाणपत्र मिळू शकते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखालील ‘निरामय’ योजनेत पात्र व्यक्तीस एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण आहे आणि अठरा वर्षांनंतरच्या कायदेशीर पालकत्वाची सोयही त्याच अधिनियमात आहे. ‘आमच्यानंतर याचे कसे होणार’ हा प्रश्न विचारणाऱ्या पालकास निदान अर्ज कोठे करावयाचा, एवढे तरी सांगता आले पाहिजे.

संघटनेकडून अपेक्षा

६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यातील फिरत्या पथकांत आयुष चिकित्सकांचीच नेमणूक होते. ही पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात व संशयित बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. म्हणजे या बालकांना शोधण्याचे काम शासनाने आपल्याच पदवीधरांकडे सोपविले आहे. तपासणीच्या रांगेत प्रत्येक बालकास मिळणारा वेळ थोडा असतो, हे खरे. तरीही ज्यास आकडी येते अथवा ज्याचा विकास मंद आहे, त्याची संपूर्ण त्वचा पाहण्याचा नियम पथकांनी स्वतःस घालून घ्यावा.

संघटनेने तीन गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवितो. पहिली, या व्याधीच्या त्वचेवरील चिन्हांचे रंगीत पत्रक तयार करून प्रत्येक सदस्याच्या चिकित्सालयात लावावे. दुसरी, तज्ज्ञाकडे पाठविण्याच्या चिठ्ठीचा एक नमुना ठरवावा व त्यात आपण दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव लिहिणे बंधनकारक मानावे. आपण काय दिले, हे लपविले तर समन्वयाची मागणी करण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही. तिसरी, आपल्या औषधाने आकडी वाढल्याचा संशय आल्यास त्याची नोंद आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता योजनेकडे करण्याची सवय सदस्यांना लावावी. दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्वेद संस्था हे या योजनेचे राष्ट्रीय केंद्र आहे. त्याचबरोबर, आकडी बरी झाल्याचा वृत्तान्त या त्रैमासिकाकडे पाठविणाऱ्यांनी मेंदूचा विद्युत आलेख, समांतर चालू असलेली औषधे आणि किमान काही वर्षांचा पाठपुरावा सोबत जोडावा. एवढे नसेल तर तो वृत्तान्त छापू नये.

काहींना ही भूमिका आयुर्वेदास दुय्यम स्थान देणारी वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. प्रत्येक रोगास नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, त्याने दोष, अधिष्ठान व हेतू ओळखून कार्य करावे, ही शिकवण चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहे. साध्य, याप्य व असाध्य यांचा भेद जाणूनच वैद्याने चिकित्सेस हात घालावा, हेही तेथेच सांगितले आहे. ट्यूबरस स्क्लेरोसिस हा आजच्या ज्ञानानुसार याप्य व्याधी होय. त्यास जन्मभर सांभाळावे लागते आणि नीट सांभाळल्यास यांतील पुष्कळ मुले शिकतात, काही पुढे स्वतःच्या पायांवर उभीही राहतात. याप्य व्याधीस साध्य म्हणून सांगणारा वैद्य शास्त्राचा अपमान करतो, आणि असाध्य म्हणून पाठ फिरविणारा रुग्णाचा. या दोहोंच्या मधला मार्ग कष्टाचा आहे, त्यात प्रसिद्धी नाही व द्रव्यलाभही फारसा नाही. परंतु पुढील खेपेस एखादी माता तान्ह्या बाळाच्या पाठीवरील फिकट डाग दाखवील, तेव्हा बाळाचे अंग उघडे करून उजेडात पाहण्याची आणि ‘बाळ झोपेतून उठताना कसे करते?’ हा एक प्रश्न विचारण्याची तसदी आपल्यापैकी प्रत्येकाने घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.